भय कोणाचे मोजायचे?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. त्यानंतर कित्येक दिवस ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घरी संध्याकाळची बैठक दूरचित्रवाणीपुढेच भरत असे. पडद्यावर नकाशा, नकाशावर तांबडे बाण आणि ते समजावून सांगायला कोणी निवृत्त सेनाधिकारी. एकदा असेच एक गृहस्थ म्हणाले, 'नाटो' रशियाच्या दाराशी आली, मग पुतिन यांनी दुसरे करायचे तरी काय? शेजारच्या आप्पांनी मान डोलावली. "तात्या, माणूस जाणता आहे हो!"

जाणता असेलही. तोफा, रणगाडे, रसद यांविषयी तो बोलेल तेव्हा मी त्याचा शिष्य. पण फौज कशी चालते हे कळणे निराळे, आणि ती कोणाच्या घरात शिरली हे ध्यानात ठेवणे निराळे.

मेजर जनरल फुलर यांचेच पाहा. रणगाड्यांच्या युद्धतंत्राचा हा ब्रिटिश आचार्य. १९३५ साली मुसोलिनीची ॲबिसिनियावर स्वारी झाली, तेव्हा ते वार्ताहर म्हणून इटालियन फौजेबरोबर गेले आणि तिचीच बाजू मांडत राहिले. एप्रिल १९३९ मध्ये हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या संचलनाला ते पाहुणे म्हणून हजर होते. जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, त्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. फुलरसाहेबांची विद्या खोटी नव्हती. पण विद्येबरोबर विवेक येतोच असे नाही.

'नाटो'चा विस्तार झाला आणि रशियाला तो खुपत होता, हे मला मान्य आहे. परंतु १९९४ साली बुडापेस्टला युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडण्याचे मान्य केले, तेव्हा त्याच्या सीमांचा मान राखू, असे रशियाने लिहून दिले होते. २०१४ मध्ये क्रिमिया घेतला, त्या वेळी युक्रेन स्वतःच्या कायद्यानेच कोणत्याही लष्करी गटात नव्हता. उलट, रशियाशी तेराशे किलोमीटरांहून लांब सीमा असलेला फिनलंड २०२३ मध्ये 'नाटो'त गेला. त्याबद्दल त्याच्यावर काही स्वारी झाली नाही. शिवाय जुलै २०२१ मध्ये खुद्द पुतिन यांनी लेख लिहून रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक असल्याचे मांडले होते. नकाशावाले पंडित तो लेख का वाचून दाखवीत नाहीत?

आप्पा म्हणाले, "पण बलाढ्य राज्याला शेजाऱ्याचे भय वाटणारच की!"

मी त्यांना २९ डिसेंबर १८४३ची आठवण दिली. पंजाबात शिखांची प्रबळ सेना, पाठीशी ग्वाल्हेरची मोठी फौज, गादीवर अल्पवयीन जयाजीराव आणि दरबारात तंटे. लॉर्ड एलेनबरो यांना भय वाटले. एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार येथे लढाया झाल्या. पुढच्याच महिन्यात तह होऊन शिंद्यांची फौज छाटली गेली. कंपनीच्या बाजूने पाहिले तर तेही भय खरेच होते. म्हणून ग्वाल्हेरने ते ओढवून घेतले, असे आपल्या घरांतून कोणी कधी म्हटले आहे काय?

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांचे खापरपणजोबा पनिहारला पडले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नकाशा लागला. थोडा वेळ पाहून आप्पा म्हणाले, "तात्या, बाण जिथून जातो आहे, तिथे गावे असतील ना हो?"