चेन : एक अक्षर, अनेक उच्चार

सिंगापूरचे ‘तान’, हाँगकाँगचे ‘चान’ आणि व्हिएतनामचे ‘त्रान’ ही आडनावे प्रथमदर्शनी भिन्न वाटतात. वस्तुतः ती एकाच चिनी अक्षराची प्रादेशिक उच्चारणे होत. प्रमाण चिनी भाषेत त्याचा उच्चार ‘चेन’ असा होतो.

या नावाचे मूळ आजच्या हनान प्रांतातील चेन या प्राचीन राज्यात आहे. झौ राजांनी ते शुन राजाच्या वंशजांस दिले, अशी परंपरा आहे. इ. स. पू. ४७८ मध्ये चू राज्याने ते जिंकले. राज्य लयास गेले, पण त्याचे नाव कुलनाम होऊन उरले. पुढे दक्षिण चीनमध्ये चेन घराण्याने इ. स. ५५७ ते ५८९ आणि व्हिएतनाममध्ये त्रान घराण्याने १२२५ ते १४०० पर्यंत राज्य केले. फूच्येन व क्वांगतुंग येथील स्थलांतरितांनी हे नाव आग्नेय आशियात नेले.

तथापि समान आडनाव म्हणजे समान रक्त नव्हे. उत्तर वेई राज्यात ४९६ मध्ये राजाज्ञेने श्येनपी कुलांनी चिनी आडनावे घेतली, तेव्हा ‘हौमोचेन’ हे कुलही ‘चेन’ झाले.

केवळ उच्चार ऐकून नात्याचा निर्णय करू नये. केवळ अक्षर पाहूनही नव्हे. विद्यार्थ्यांस हे दोन्ही सांगणे अगत्याचे आहे.