नेम सरळ, गोळी वाकडी

नेम सरळ रेषेत जातो, गोळी जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. 50 मीटर प्रकारातल्या .22 रायफलची गोळी लक्ष्यापर्यंत जेमतेम सेकंदाचा सहावा भाग घेते, पण तेवढ्यात 12-13 सेंटीमीटर उतरते. आणि तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास किती? 10.4 मिलिमीटर!

म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. ठरावीक अंतरावर गोळी आणि नजर एकाच बिंदूत भेटतील अशी साइट (रायफलवरचे नेम धरायचे साधन) लावणे, म्हणजे झीरोइंग. नेमबाज काही गोळ्या झाडतो, त्यांचा पुंजका कुठे पडला ते पाहतो आणि साइटचा स्क्रू ‘क्लिक’ मोजत फिरवतो. एकाच गोळीवर विसंबून साइट हलवणे हा नवशिक्यांचा लाडका घोटाळा.

अंतर दुप्पट झाले की घसरण साधारण चौपट होते. जुन्या ली-एन्फिल्ड रायफलच्या मागच्या साइटवर त्यासाठीच 200 ते 2000 यार्डांच्या खुणा कोरलेल्या असत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांनी कांस्य मिळवले, त्या प्रकारात अंतर 50 मीटरच राहते. पण गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा स्थिती बदलतात. रायफलची पकड बदलते, मग साइटही पुन्हा जुळवावी लागते.