दहा गुंठ्यांचं गणित

कोल्हापूरला १८९१ मध्ये रेल्वे आली. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनालगत व्यापारपेठ वसवली, तीच शाहूपुरी. गुळाच्या अडत दुकानांमुळे या पेठेचं नाव दूरवर पोचलं. पुढे गुळाचे मोठे सौदे मार्केट यार्डात गेले, पण शाहूपुरीची ओळख पुसली नाही. इथेच कुंभार गल्ली आहे, आणि जवळच्या उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगची कामं चालतात. थोड्या जागेत, थोड्या पैशांत घरापुरतं पिकवायचं तर गूळ, मातीची मडकी आणि जोडकाम करून देणारा कारागीर हाताशी असावा लागतो. शाहूपुरीच्या रहिवाशाला हे तिन्ही जवळच मिळतं. यांतून काय उभं राहू शकतं, हे दाखवणारा माणूसही कोल्हापूरचाच होता.

श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केलं आणि साठच्या दशकात ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. या परिवाराला ना मोठी इमारत होती, ना सरकारी खातं. शेतकऱ्याने आपल्या रानात छोटा प्रयोग करायचा, त्याची मापं लिहून ठेवायची आणि पत्राने किंवा समोरासमोर बसून दुसऱ्याला सांगायची, एवढीच घडण. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी याच रीतीने एकमेकांकडून छाटणीचं आणि पानांच्या हिशोबाचं ज्ञान मिळवलं. शाळा अर्धवट सुटलेला बागायतदारही तिथे प्रयोगकर्ता म्हणूनच बसायचा. दाभोळकरांचं ‘प्लेन्टी फॉर ऑल’ हे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ही पद्धत मराठी मुलखाबाहेर गेली.

त्यांचं सर्वांत धाडसी गणित दहा गुंठ्यांचं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, पाव एकर. एवढ्या जागेत, दिवसाला सुमारे १,००० लिटर पाण्यावर, पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, अशी त्यांची मांडणी होती. पीक हे मुळात पानांनी पकडलेलं ऊन आहे. म्हणून जमिनीच्या चौरस फुटांबरोबर त्यावर पसरलेल्या पानांचेही चौरस फूट मोजा, असं ते सांगत. उन्हाला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो माती जिवंत ठेवण्यात, आणि तिथेच त्यांची अमृतमाती कामाला येते.

या परंपरेत मध्य प्रदेशातल्या बजवाड्याला काम करणाऱ्या दीपक सचदे यांनी अमृतमातीची कृती पायरी-पायरीने बसवून दिली. आधी अमृतजल करायचं. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ. गूळ पिवळाधमक नको. रसायन न घातलेला काळपट गूळ उत्तम, आणि तो स्वस्तही पडतो. हे मिश्रण तीन दिवस सावलीत झाकून ठेवायचं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ काठीने ढवळायचं. तिसऱ्या दिवशी वर फेस येतो आणि शेणाचा वास मागे पडून आंबूस वास सुटतो. गूळ हे मिश्रणातल्या जिवाणूंचं खाद्य. त्यावर ते झपाट्याने वाढतात. मग एक भाग अमृतजलात दहा भाग पाणी घालायचं आणि त्यात पालापाचोळा किंवा बारीक केलेलं उसाचं पाचट दिवसभर बुडवून ठेवायचं. आपल्या जिल्ह्यात पाचट किती जाळलं जातं, हे सांगायला नको. भिजलेल्या पाल्याचा एक थर, त्यावर मातीचा पातळ थर, असं करत दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि फूटभर उंच ढीग रचायचा.

ढीग ओलसर ठेवायचा, दर आठवड्याला वरखाली करायचा. महिन्याभराने त्यावर मेथी, मिरची, अंबाडी, पालक, कडधान्यं अशी नाना चवींची बियाणी एकत्र पेरायची. २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी रोपं टप्प्याटप्प्याने कापून, पुन्हा अमृतजलात भिजवून ढिगातच मिसळायची. कोवळं, जून आणि पिकलेलं पान वेगवेगळी द्रव्यं मातीला देतं, म्हणून हे तीन टप्पे. सुमारे पाच महिन्यांत काळी, भुसभुशीत, हलकी माती तयार होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली, तेव्हा त्यांनाही याच मातीची साथ मिळाली. गच्चीवर ढीग करताना मात्र वजनाचा विचार हवा. वाफे तुळईच्या रेषेत ठेवावेत आणि जुनं घर असेल तर जाणकाराला विचारूनच पुढे जावं.

पाण्यासाठी कुंभार गल्ली गाठावी. न रंगवलेलं, नीट भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडक्याच्या भिंतीतून पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळं तिकडे वळतात. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत नोंदलेली आहे. काकडी, दोडका, भोपळा अशा वेलांना ती फार मानवते.

खरकट्याचा प्रश्न पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी सोडवला. प्लास्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी, असं त्यांचं घरगुती बायोगॅस संयंत्र. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये ‘ॲशडेन’ पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी रोज दोनेक किलो पिठाळ खरकटं पुरतं. टाकी कापून नळ्या जोडणं हे उद्यमनगरातल्या कारागिराच्या हातचं काम आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेला ‘नाडेप’ हौद तर साध्या विटांचा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींना हवेसाठी भोकं. शेण कमी, काडीकचरा जास्त, आणि तीन-चार महिन्यांत खत तयार.

या सगळ्यात महागडी वस्तू एकही नाही. तरी कितीतरी वाफे वर्षभरात ओस पडतात, कारण मोजमाप कुणी लिहून ठेवत नाही. किती पाणी घातलं, काय पेरलं, किती किलो निघालं, याची वही नसेल तर चूक कुठे झाली हे कळत नाही आणि शेजाऱ्याला सांगण्यासारखंही काही उरत नाही. प्रयोग परिवाराची खरी देणगी ही वही आहे, असं मला ठामपणे वाटतं.

दहा गुंठे शाहूपुरीत कुणाकडे नसतील; दहा फूट बाय तीन फुटांची जागा मात्र परसात किंवा गच्चीवर अनेकांकडे निघेल. या आठवड्यात बादलीभर अमृतजल करा, एक ढीग रचा, वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला. आणि पाच महिन्यांनी ती वही शेजारच्या घरात वाचायला द्या.