शर्यतीची होडी, सहलीची होडी

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळीच्या ज्या काठाला गार्डन रीच म्हणतात, तेथे नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. समुद्र दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर. तरीही भरतीचे पाणी शहर ओलांडून वर जाते. जहाजबांधणीचा जो मोठा कारखाना या काठावर आहे, तो १९६० साली भारत सरकारने ताब्यात घेतला. तेथे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नौकेचे काम आधीच ठरलेले असते. कुटुंबाने हौसेने बाळगलेल्या शिडाच्या होडीचे तसे नाही. रविवारी तिने क्लबच्या शर्यतीत धावावे आणि सुटीत तिनेच बायकामुलांना शिधा-अंथरुणासह चार दिवस हिंडवून आणावे, अशी अपेक्षा असते.

भांडण असते ते वजनाचे. शर्यतीला होडी हलकी हवी; सहलीला पाण्याची पिंपे, स्टोव्ह, सुक्या कपड्यांची पेटी आणि जड नांगर हवा. या भांडणावरचा एक प्रसिद्ध तोडगा स्कँडिनेव्हियात निघाला. सामान्य माणसाला परवडेल, शर्यतीत उतरेल आणि घरच्यांना रात्री निजता येईल, अशा होडीसाठी तेथे आराखडे मागविले गेले. निर्विवाद विजेता कोणी ठरला नाही. तेव्हा निवडक आराखड्यांतील गुण एकत्र करून टोर्ड सुंदेन यांनी १९४२ साली ‘फोल्कबोट’, म्हणजे लोकांची होडी, रेखाटली. लांबी साडेसात मीटरहून थोडी अधिक आणि निम्म्याहून जास्त वजन तळाच्या लोखंडात. शिडे बदललेल्या अशाच एका होडीतून, ‘जेस्टर’मधून, ब्लाँडी हॅसलर १९६० साली एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत दुसरे आले.

परंतु सर्वांजवळ एकाच जातीची होडी कोठून असणार? म्हणून क्लबांनी वेळेची सूट देण्याची युक्ती काढली. ‘पोर्ट्‌समथ यार्डस्टिक’ या ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक जातीला एक अंक असतो. लागलेल्या वेळेला हजाराने गुणून त्या अंकाने भागावयाचे. समजा, एका संथ होडीचा अंक ११०० आहे आणि तिला ६६ मिनिटे लागली, तर हिशेबात ती ६० धरली जातील. हजार अंकाची चपळ होडी ६२ मिनिटांत पोहोचली, तरी ती हरली. संथपणाची भरपाई आकड्यानेच होत असेल, तर शर्यतीच्या आदल्या रात्री अंथरुणे व भांडी काठावर उतरविण्याची यातायात अनेकदा व्यर्थ ठरते. त्यापेक्षा एक बरे शीड शर्यतीसाठी जपावे आणि सहलीला जुने वापरावे.

नांगर मात्र कधीच उतरवू नये. दहा-बारा किलो वाचतात हे खरे. पण वारा मंदावला आणि ओहोट जोरात असली, म्हणजे हुगळीवर विचित्र देखावा दिसतो. शिडे भरलेली, नाळेपाशी पाणी खळखळते आहे, आणि तरीही काठावरचे झाड पुढे सरकत जाते! होडी मागे चाललेली असते. शर्यतीचे नियम अशा वेळी नांगर टाकण्यास मोकळीक देतात. तो पुढे उचलून घेतला म्हणजे झाले. ज्याने नांगर आणला तो जागी राहतो, आणि हलका होऊन आलेला वाहत जातो. सहलीचे ओझे असे शर्यतीचे हत्यार बनते.

उलट, शर्यतीचे शिक्षण सहलीला उपयोगी पडते. ठरल्या क्षणी ठरल्या रेषेवर होडी आणावयाची, तर वाऱ्याचा आणि प्रवाहाचा हिशेब मनात पक्का बसावा लागतो. उधाणाच्या दिवसांत हुगळीत भरतीचा पहिला लोट भिंतीसारखा चढून येतो. बंगाली नावाडी त्यास ‘बान’ म्हणतात. काठालगतच्या उथळ पाण्यात तो फुटतो, म्हणून ते होड्या मध्यप्रवाहात नेऊन त्याला सामोरे जातात. तेथे जाण्यास हाताशी वेळ थोडा असतो.

आणखी एक वजन तराजूत मावत नाही. मुंबईत, जेथे रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, किंवा अन्यत्र कोठेही, वडील शर्यतीत तांडेल बनून ओरडू लागले, की पुढच्या रविवारी मुले घरीच राहतात. सुकाणू मुलीच्या हाती द्यावे, शिडाची दोरी आपण धरावी. दोन मिनिटे जातील. पण मग सहलीत रात्री वारा फिरला, तर दोरी सांभाळणारे आणि सुकाणू धरणारे असे दोन जण होडीत असतील.