जुनी होडी, नवे इंजिन

चंडीगढ शहराच्या ईशान्येस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सुखना नावाचे सरोवर आहे. पावसाळ्यात टेकड्यांवरून वाहत येणारा ओढा अडवून १९५८ साली ते तयार करण्यात आले. नगराचे शिल्पकार ल कॉर्ब्यूझिए यांनी या सरोवराबाबत दोन गोष्टींचा आग्रह धरला होता. बांधावरून वाहने जाऊ नयेत ही एक, आणि पाण्यावर यांत्रिक होड्या चालू नयेत ही दुसरी. विसाव्यासाठी निर्माण केलेल्या पाण्याला शून्य अश्वशक्ती हेच योग्य माप, असा या आग्रहाचा अर्थ होतो. होडीला इंजिन केवढे असावे, हे ठरविताना प्रथम पाणी कोणते व त्यावरील काम कोणते, हे पाहावे लागते.

मात्र पाण्यावरच ज्यांचे पोट आहे, त्यांना शून्य हे उत्तर पुरणारे नसते. कोकणच्या खाडीमुखाशी जाळी टाकणारा कोळी असो, की भाक्रा धरणामागील गोविंदसागरात मासेमारी करणारा मच्छीमार असो, वारा व प्रवाह उलटला की केवळ हातांच्या बळावर भागत नाही. अशा घरी पुष्कळदा वडिलार्जित लाकडी होडी असते. ती वल्ह्यांसाठी व शिडासाठी बांधलेली. तिच्या पाठीवर नवे इंजिन बसवायचे, तर ते किती अश्वशक्तीचे घ्यावे? ‘जेवढे मोठे तेवढे चांगले’ हे याचे सर्वांत सोपे उत्तर, आणि बहुधा सर्वांत महागही तेच पडते.

होडीच्या बाहेर मागील बाजूस टांगावयाचे, म्हणजे आउटबोर्ड जातीचे इंजिन आज सर्वत्र परिचित आहे. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे स्थायिक झालेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली असे इंजिन विक्रीस आणले. त्याची शक्ती अवघी दीड अश्वशक्ती होती. पुढे त्याच नॉर्वेच्या साहाय्याने १९५३ साली केरळात कोल्लमजवळ मच्छीमारीच्या सुधारणेचे काम सुरू झाले. प्रचलित होड्यांनाच इंजिने बसवावीत, हा विचार तेथे प्रथम झाला. परंतु त्या होड्या यंत्राला मानवेनात, म्हणून नव्या घडणीच्या होड्या बांधाव्या लागल्या. जुन्या होडीच्या मालकाने हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याचे कारण होडीच्या आकारात आहे. जुनी मासेमारी होडी पाणी बाजूस सारीत चालते. तिच्या नाळेशी उठणारी लाट तिच्या वेगाबरोबर लांबत जाते आणि एका मर्यादेनंतर होडी आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. ही मर्यादा काढण्याचा ठोकताळा असा: पाण्याच्या रेषेवरील होडीची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १.३४ ने गुणावे. लांबी २५ फूट असेल तर वर्गमूळ ५ आणि वेग ताशी ६.७ सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेबारा किलोमीटर. सपाट बुडाच्या हलक्या होड्या पाण्यावर उचलल्या जाऊन ही मर्यादा ओलांडतात; जाळी, बर्फ व मासळी यांनी भरलेल्या जुन्या होडीस ते साधत नाही.

मर्यादेच्या आतही वेग स्वस्त नसतो. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५ सागरी मैलांवरून ६ वर जायचे, तर पावणेदोनपट शक्ती हवी. पूर्ण वेगाने चालणारे १० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन तासाला सुमारे ४ लिटर इंधन घेते, २५ अश्वशक्तीचे ९ ते १० लिटर. जुन्या होडीवर हे जादा इंधन बहुतांशी लाटा उठविण्यातच खर्ची पडते.

म्हणून इंजिन फार लहान घ्यावे काय? तेही नाही. समजा, ओहोटीचा प्रवाह ताशी ३ सागरी मैल आहे आणि घर ६ मैलांवर. होडी ५ च्या वेगाने चालली, तर ती ३ तासांत पोहोचेल. तिचा वेग साडेतीन असेल, तर प्रवाहाविरुद्ध अर्धाच मैल पुढे सरकेल आणि त्याच वाटेस १२ तास लागतील. तोवर प्रवाहच फिरलेला असेल. वादळी हवेत एवढा अवधी मिळतोच असे नाही. यास्तव भरलेल्या होडीच्या दर टनामागे ३ ते ५ अश्वशक्ती हे प्रमाण धरतात. माणसे, जाळी व मासळी धरून अडीच टन भरणाऱ्या होडीस साडेसात ते साडेबारा अश्वशक्ती पुरते. आडोशाच्या पाण्यात खालचा आकडा घ्यावा, उघड्या समुद्रात वरचा. नित्याचे काम तीनचतुर्थांश शक्तीत व्हावे आणि उरलेली शक्ती संकटासाठी राखावी.

डोंगरातील जलाशयावर आणखी एक गोष्ट येते. हवा विरळ झाली की इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के घटते. गोविंदसागराची पूर्ण पातळी १,६८० फूट आहे. म्हणजे तेथे १० अश्वशक्तीचे इंजिन साडेनऊचेच काम देते.

यानंतर प्रश्न येतो होडीच्या ताकदीचा. इंजिनाचा सारा रेटा व भार मागच्या आडव्या फळीवर पडतो. ही फळी बाहेरून रंगविलेली व आतून कुजलेली असू शकते. टोचणीने टोचून पाहावे. लाकूड मऊ लागले, तर फळी बदलल्याखेरीज इंजिनाची गोष्ट काढू नये. शिवाय दोन धावांच्या इंजिनापेक्षा तितक्याच शक्तीचे चार धावांचे इंजिन जड असते. त्या भाराने मागची बाजू दबली, तर मागून येणारी एखादी लाट होडी भरून टाकण्यास पुरेशी होते. अमेरिकेत २० फुटांखालील होड्यांसाठी याविषयी नियमच आहे. लांबी व मागच्या बाजूची रुंदी यांचा फुटांतील गुणाकार घेतात. १५ फूट लांब व ४ फूट रुंद होडीचा गुणाकार ६०. बूड सपाट व कडा टोकदार असून हातदांड्याने सुकाणू धरावयाचे असेल, तर त्याच्या निम्म्यातून १५ वजा करावेत. उत्तर १५ अश्वशक्ती. ही कमाल मर्यादा होय, शिफारस नव्हे.

शक्ती ठरल्यावर पंखा पाहावा. जड होडीस कमी आट्याचा पंखा लागतो, जसा बैलाला चढावर आखूड पाऊल टाकावे लागते. होडी पूर्ण भरून, इंजिन पूर्ण वेगाने सोडून, ते कारखान्याने सांगितलेले फेरे गाठते की नाही, ही खरी परीक्षा. न गाठल्यास आटा कमी करावा. आधीच मोठे इंजिन घेण्याची घाई नको. दांडाही योग्य लांबीचा हवा. पंख्यावरील आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा किंचित खाली यावी. ती वर राहिली, तर पंखा हवा ओढतो आणि फुकट फिरतो.

केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर लहान होड्यांवर इंजिनांची चढाओढ लागली. सात-आठ अश्वशक्तीच्या जागी २५ आणि पुढे ४० अश्वशक्तीची इंजिने आली. शेजाऱ्याच्या आधी मासळीपाशी पोहोचावे, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा होता. परंतु सर्वांचीच इंजिने मोठी झाल्यावर कोणीच पुढे राहिला नाही, आणि इंधनाचा व कर्जाचा भार मात्र प्रत्येकाच्या घरी आला. म्हणून खरेदीपूर्वी तांडेलाने आपल्या होडीची लांबी मोजावी, भरलेले वजन काढावे, मागची फळी टोचून पाहावी आणि परतीच्या वाटेवरील सर्वांत वाईट ओहोटी आठवावी. त्या ओहोटीतून भरली होडी घरी आणील एवढे इंजिन घ्यावे. त्याहून मोठ्या इंजिनाचे पैसे होडीच्या दुरुस्तीस लागले, तर ते अधिक सत्कारणी लागतील.