स्वतःचं रीडिंग

एफवायची पहिली प्रॅक्टिकल्स जुलैत सुरू होतात आणि कोकणातला जुलै रसायनांना मानवत नाही. काड्यापेटी पेटत नाही, गाळणकागद हाताला ओलसर लागतो, फेरिक क्लोराइडचा बाटलीतच गोळा झालेला असतो. सोडियम हायड्रॉक्साइडच्या पेलेट्स वॉचग्लासवर घेतल्या की वजन होईपर्यंत त्यांना चकाकी येते, मग त्या एकमेकींना चिकटतात आणि डिजिटल बॅलन्सवरचा शेवटचा आकडा वर वर सरकत राहतो. खेड-चिपळूणच्या पट्ट्यातल्या ज्या लहान कॉलेजात मी शिकले आणि आता शिकवते, तिथली नवी मुलं दर वर्षी हा आकडा थांबायची वाट बघत उभी राहतात. मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच, "मॅडम, वजन थांबत का नाहीये?"

इथून शिकवायला सुरुवात करता येते. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी ओढतं, कार्बन डायऑक्साइडही ओढतं. म्हणून त्याचं नेमकं वजन करून नेमक्या तीव्रतेचं द्रावण बनवता येत नाही. ते अंदाजाने बनवायचं आणि त्याची खरी तीव्रता दुसऱ्या भरवशाच्या पदार्थाकडून काढून घ्यायची. ऑक्झॅलिक आम्ल असं भरवशाचं आहे. त्याचे स्फटिक साध्या हवेत टिकतात, वजन स्थिर राहतं. डेसिनॉर्मल द्रावण २५० मिलिलिटर बनवायचं तर १.५७६ ग्रॅम घ्यायचं. पुस्तकात या सगळ्याला 'प्रायमरी स्टँडर्ड' अशी दोन शब्दांची संज्ञा आहे आणि मुलांनी ती बारावीला पाठ केलेली असते. सरकता आकडा पाहिल्यावर मात्र ती पाठ करावी लागत नाही.

टायट्रेशन दिसायला सोपं. ब्युरेटमध्ये एक द्रावण, कोनिकल फ्लास्कमध्ये दुसरं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, रंग आला की थांबायचं. पण बारावीला भरपूर मार्क मिळवलेल्या मुलांच्याही हातांना ते ठाऊक नसतं. डावा हात ब्युरेटच्या तोटीला मागून वेढा घालून धरायचा, उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहायचा. तोटीखालच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो मध्येच निसटतो आणि रीडिंग चुकतं. वर फनेल तसंच ठेवलं तर त्याला लटकलेला थेंब उशिरा खाली पडतो. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर. शेवटी शेवटी तर अर्धा थेंब तोटीच्या टोकाशी आणायचा, फ्लास्कच्या काचेला टेकवायचा आणि वॉशबॉटलने धुऊन आत घ्यायचा. रंग गडद गुलाबी झाला म्हणजे हात पुढे गेला. हवा तो रंग इतका फिका असतो की खाली पांढरी टाइल ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि मिनिटभरात तो विरूनही जातो, कारण द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत असतं.

पोटॅशियम परमँगनेट आलं की नियम बदलतात. द्रावण इतकं गडद जांभळं की मेनिस्कसची खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची. ऑक्झॅलिक आम्ल साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून घ्यायचं. पहिले काही थेंब पडले की जांभळा रंग जागच्या जागी राहतो, मुलं घाबरून माझ्याकडे बघतात. मग रंग हळूहळू जातो आणि पुढचे थेंब पडताक्षणी विरघळून नाहीसे होतात. अभिक्रियेतून तयार झालेले मँगनीजचे आयनच तिला वेग देतात. स्वउत्प्रेरण हा शब्द नंतर येतो. आधी हाताखाली घडलेला हा बदल येतो. माझ्या मते हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. आपल्याकडे टायट्रेशनच्या तक्त्यात सगळ्यात शेवटी 'सीबीआर' नावाचा रकाना असतो, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तीन वेळा प्रयोग करायचा आणि जुळणारं रीडिंग तिथे लिहायचं. बहुतेक जर्नलांत तुम्हाला १०.१, १०.१, १०.१ असे तीन आकडे एकाखाली एक दिसतील. यातले किती खरोखर ब्युरेटवर वाचलेले असतात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. पहिलं रीडिंग घ्यायचं, पुढची दोन त्याला बघून लिहायची. किंवा शेजाऱ्याचं घ्यायचं. किंवा गेल्या वर्षीच्या जर्नलातून उत्तर शोधायचं आणि तिथून उलटं गणित करत रीडिंगपर्यंत यायचं. मुलं हे आळसाने करतात असं मला वाटत नाही. न जुळणारं रीडिंग म्हणजे गुन्हा, असं त्यांच्या मनावर शाळेपासून बिंबलेलं असतं.

लहान कॉलेजात मला यावर काही करता येतं. टीवायला पूर्ण केमिस्ट्री घेणारी मुलं आमच्याकडे जेमतेम दहा-बारा. प्रत्येकाला स्वतःची ब्युरेट मिळते, मी प्रत्येकाच्या कोपराशी उभी राहू शकते. एखादीचं रीडिंग ९.८ आलं आणि बाकीच्यांचं १०.१, तर मी तिला ९.८ च लिहायला लावते, शाईने. मग आम्ही दोघी मिळून शोधतो. पिपेट ज्या द्रावणाचं भरायचं त्यानेच धुतली होती की नुसत्या पाण्याने? पाण्याने धुतली असेल तर आतल्या ओलाव्याने आम्ल पातळ झालं, रीडिंग कमी येणारच. पिपेटच्या टोकातला शेवटचा थेंब फुंकून घातला का? तो घालायचा नसतो, पिपेटवरची खूण त्याला वगळूनच केलेली असते. अशा अर्ध्या तासात ती मुलगी जे शिकते ते बरोबर आलेल्या तीन रीडिंगांतून शिकली नसती.

ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला पावसाचा त्रास आणखी वाढतो. मुलांना एक अनोळखी पांढरी पूड देतात. तिचा प्रकार ओळखायचा, मूलद्रव्यं शोधायची, क्रियाशील गट शोधायचा आणि शेवटी द्रवणांकावरून नाव सांगायचं. त्यासाठी एका टोकाने बंद केलेल्या केशनळीत पूड भरायची, ती थर्मामीटरला लावून थील ट्यूबमधल्या लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवायची आणि हळूहळू तापवायचं. शुद्ध बेंझॉइक आम्ल १२२ अंशांना झटकन वितळतं. जुलैत रात्रभर गाळणकागदावर ठेवूनही स्फटिक पुरते वाळत नाहीत, मग तेच आम्ल बरंच आधीपासून घाम फुटल्यासारखं ओलं दिसू लागतं आणि रेंगाळत वितळतं. अशुद्धीने द्रवणांक खाली येतो आणि पसरतो, हे वाक्य मुलांना इथे डोळ्यांनी वाचायला मिळतं. पाणी हीसुद्धा अशुद्धीच.

शिवाय नुसत्या द्रवणांकावर विसंबता येत नाही. बीटा नॅफ्थॉलही १२२ च्याच आसपास वितळतं. त्या दोघांतला फरक सोडियम बायकार्बोनेट सांगतं: बेंझॉइक आम्ल त्यात फसफसतं, नॅफ्थॉल ढिम्म राहतं. सिनॅमिक आम्ल आणि युरिया हे दोघे १३३ च्या जवळ. ते एकमेकांत मिसळून द्रवणांक घेतला तर तो कितीतरी खाली उतरतो, आणि एकाच पदार्थाचे दोन नमुने मिसळले तर जागचा हलत नाही. पूर्वी, यंत्रं नव्हती तेव्हा, दोन बाटल्यांत एकच पदार्थ आहे का याचा निवाडा रसायनशास्त्रज्ञ असाच करत. हा प्रयोग मी दर वर्षी अभ्यासक्रमात असो-नसो करून घेते. तो इतका सुंदर आहे की तो न पाहता कुणी पदवी घ्यावी हे मला पटत नाही.

फिजिकल केमिस्ट्रीत मिथाइल अ‍ॅसिटेटच्या जलअपघटनाचा वेग काढतात. ठरावीक मिनिटांनी मिश्रणातलं थोडं द्रावण काढायचं आणि ते एकदम थंड करून अभिक्रिया मंदावायची, मग सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन. यासाठी बर्फ हवा. आमच्याकडे बर्फाचं यंत्र नाही. आमचे लॅब अटेंडंट काका सकाळीच मासळी बाजारातून बर्फाची लादी फोडून आणतात. तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून तो फ्लास्कमध्ये टाकायचा नाही; फ्लास्कमध्ये डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं आणि फ्लास्क बर्फात ठेवायचा. हा प्रयोग वेळ खातो, शेवटचं इन्फिनिटी रीडिंग, म्हणजे अभिक्रिया पुरती संपल्यावरचं, तर दुसऱ्या दिवशी घेतलेलं बरं. आतल्या गावांना जाणारी एसटी संध्याकाळी एकच असते, त्यामुळे त्या गावांतली मुलं घड्याळाकडे बघत काम करतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी लेक्चरच्या आधी येऊन रीडिंग घेतात.

पाण्याच्या कठीणपणाचा प्रयोग मुलांच्या जवळचा. प्रत्येकाने आपल्या घरच्या विहिरीचं पाणी आणायचं, अमोनियाच्या बफरने पीएच १० ला आणायचं, एरिओक्रोम ब्लॅक टी घालायचा आणि ईडीटीएने टायट्रेशन करायचं. वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू निघतं, ब्युरेट उघडली न उघडली तोच रंग पालटतो. खाडीकाठच्या पाण्याला ईडीटीए पुरत नाही, विशेषतः उन्हाळ्यात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या आजीच्या घरचं पाणी या आकड्यांत कुठे बसतं हे काढताना कुणी शेजाऱ्याचं रीडिंग उतरवत नाही. कुणाला उतरवावंसंच वाटत नाही.

उणिवा खऱ्या आहेत, त्या लपवून उपयोग नाही. एनएमआर आम्ही पुस्तकात छापलेल्या आलेखांवर शिकवतो. ते यंत्र पाहिलेली मुलं वर्गात क्वचित असतात. आयआरचंही तेच. कलरीमीटर, कंडक्टोमीटर, पोटेन्शिओमीटर आणि पीएचमीटर यांवर आमचं सगळं भागतं. पुढे एमएस्सीला मुंबई-पुण्याला गेलेली मुलं पहिले काही महिने बुजलेली असतात. ही तूट विद्यापीठांनी जवळच्या मोठ्या प्रयोगशाळांत या मुलांना नियमित नेऊन भरून काढायला हवी. ते अवघड नाही, फक्त कुणीतरी ठरवायला हवं.

पण आमची बरीच मुलं एमएस्सीला जात नाहीत. ती लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत जातात, क्वालिटी कंट्रोलला, शिफ्टवर. तिथे त्यांची गाठ कार्ल फिशर टायट्रेशनशी पडते. १९३५ साली आलेली ही पद्धत पदार्थातलं पाणी मोजते. म्हणजे जुलैत ज्या ओलाव्याने त्यांना छळलं, तोच आता आकड्यात पकडायचा. औषधं बनवणाऱ्या कारखान्यांत रीडिंग पेन्सिलीने लिहायला मनाई असते. आकडा चुकला तर खोडायचा नाही, त्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. जुळवून लिहिलेल्या रीडिंगने तिथे एखाद्याची नोकरी जाते, आणि ते औषध ज्याच्या पोटात जाणार त्याचं काय होईल ते वेगळंच. अठराव्या वर्षी १०.१ तीन वेळा लिहायची सवय लागलेल्या हाताला तेविसाव्या वर्षी हे कोण शिकवणार?

म्हणून सध्या जे चाललं आहे त्याची मला काळजी वाटते. वेळ नाही, रसायनं महाग, मंजूर जागांवर माणसं नाहीत, म्हणून प्रॅक्टिकलच्या जागी 'डेमॉन्स्ट्रेशन' येतं: शिक्षक करतात, मुलं पाहतात आणि एकच रीडिंग सगळ्या वर्गाच्या जर्नलात जातं. काही ठिकाणी तर व्हिडिओ दाखवला की प्रयोग झाला. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये विषारी हायड्रोजन सल्फाइडचा वापर बऱ्याच ठिकाणी थांबला, ते योग्यच झालं. पण त्याच ओघात मुलांच्या हातातली ब्युरेट काढून घेतली, तर बीएस्सी केमिस्ट्री म्हणून उरतं ते पाठांतर.

मुलीला किंवा मुलाला केमिस्ट्रीला घालणाऱ्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे. कॉलेजची इमारत आणि वेबसाइट बघू नका. दुपारी प्रॅक्टिकलच्या वेळी जा आणि लॅबच्या दारात उभे राहा. प्रत्येक मुलासमोर त्याची स्वतःची ब्युरेट आहे का, एवढंच मोजा. असेल तर कॉलेज कितीही लहान असो, तिथे प्रवेश घ्या.