पाच बोटांवर नर्सिंगचा अभ्यास

ताडीवाला रोड, कासेवाडी, येरवडा, जनता वसाहत. पुण्यातल्या आपल्या वस्त्यांमधून मुली नर्सिंगला जातात, आता मुलंही जातात. मराठी शाळेतून आलेल्यांना पहिल्या वर्षी इंग्रजी शब्दांचीच धास्ती असते. रात्रभर पाठ केलेलं परीक्षेत आठवत नाही. बुद्धी कमी म्हणून नव्हे; नुसती घोकंपट्टी टिकत नाही म्हणून.

लहानपणी विहारात आपण पंचशील शिकलो. पाली येत नव्हती, तरी विसरलो नाही. पाचच गोष्टी, ठरलेला क्रम, सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणणं आणि पुन्हा पुन्हा म्हणणं. हीच रीत अभ्यासाला लावू या.

औषध देण्याचे पाच नियम हाताच्या बोटांवर बसवा. अंगठा म्हणजे ओळख: रुग्ण तोच आहे ना? आपल्या आज्यांनी ओळख म्हणून कागदावर अंगठाच दिला होता. तर्जनी लेबलावर ठेवा: औषध तेच ना? मधलं बोट सर्वांत लांब, ते मापाचं: मात्रा किती? अनामिका: मार्ग कोणता, तोंडाने, शिरेतून की स्नायूत? करंगळी: वेळ झाली का?

बाळ जन्मल्यावर त्याची तपासणी पाच गोष्टींवर होते: रंग, नाडी, प्रतिक्रिया, हालचाल, श्वास. अमेरिकेच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी ही पद्धत 1953 मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण, एकूण 10; पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला मोजायचे. लक्षात ठेवायला एक वाक्य: ‘रखमानं नातू पाळण्यात हलकेच शांतवला.’ प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर पाहा. असं वाक्य स्वतः बनवलं तर जास्त टिकतं.

पण आधी समजून घ्या, मग युक्ती लावा. आज शिकलेलं संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं पुस्तक मिटून आठवून पाहा. घर लहान असेल तर विहारात चौघी मिळून बसा, एकमेकींना विचारा. आईला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. तुम्ही सांगा, ती बोटं मोजेल. चार झाली की म्हणेल, ‘बाई, एक राहिलं.’

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. वॉर्डात औषधाची मात्रा कधीही आठवणीवर द्यायची नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं आणि लेबल, दोन्ही वाचूनच द्यायची. परीक्षेत एक बोट राहिलं तर गुण जातो. खाटेपाशी राहिलं तर माणूस जाऊ शकतो.

जय भीम.